पाच भाकऱ्या

१९५८ च्या मे महिन्यात युवक मंडळाने शाळेच्या पटांगणात सहभोजन ठेवलं. प्रत्येकाने घरून पाच भाकऱ्या आणायच्या, त्या एकाच टोपलीत मिसळायच्या आणि आपल्या पानात कोणाच्या घरची आली ते विचारायचं नाही. बंदरावरच्या मुसलमानांच्या घरांतून एकटी जैतून आली होती. दारात उभ्या असलेल्या सहदेवने, मंडळाच्या अध्यक्षाने, तिच्या भाकऱ्या हसून घेतल्या.

वाढायलाही तोच होता. बाकीच्यांना त्याने दोन-दोन भाकऱ्या वाढल्या. जैतूनच्या पानाशी मात्र तो पुन्हा पुन्हा येत राहिला.

"घे गो, लाजतंस कित्याक? आज आपण सगळी एकाच घरातली."

परक्या माणसाने इतका आग्रह तिला कधीच केला नव्हता. ती नको म्हणेना. पाचवी भाकरी पानावर पडली तेव्हा तिची नजर थापताना उमटलेल्या बोटांच्या ठशांवर गेली. अंगठा धरून चारच बोटं होती. तिने हळूच खालच्या भाकऱ्या बघितल्या. सगळ्यांवर चारच.

तिच्या आईच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती.

पानात काही उरलं तर लोक बघतील, म्हणून तिने पाचही भाकऱ्या संपवल्या.

घरी आई उंबऱ्यातच वाट बघत बसली होती.

"आवडली मा गो लोकांका आपली भाकरी?"

"आवडली," जैतून म्हणाली. "एक पण उरूक नाय."