अस्सल प्रत

"दख, आते लाल रेघ नई येस," म्हणत आबांनी लॅपटॉप दिपमालाकडे वळवला.

धुळ्याच्या घरातला तो त्यांचा शेवटचा रविवार होता. पण रविवार तसं काही सांगून येत नाही. पडद्यावर अहिराणीत टाइप केलेलं एक पान होतं. वडील एसटीच्या डेपोतून निवृत्त झाले तेव्हा तिनेच हा लॅपटॉप आणून दिला होता. त्याला मराठी येत होती, अहिराणी येत नव्हती. प्रत्येक शब्दाखाली तो लाल रेघ मारायचा. आबा चिडायचे नाहीत. त्या शब्दावर जाऊन त्याला सांगायचे, हा बरोबर आहे, लक्षात ठेव. शे, म्हणजे आहे. बठ्ठा, म्हणजे सगळा. मना. तुना. एकेक करत काही वर्षं हेच चाललं होतं.

"बठ्ठं शिकी गयं," आबा म्हणाले. "तूबी एक डाव बोलीसन दख."

"समजतं हो आबा मला सगळं. बोलायला नाही जमत."

"मशीनले जमनं, मास्तरीनले नई!" आबा हसले आणि त्यांनी फोन उचलला. "थांब, तुनी फुई वाट दखी ऱ्हायनी."

ही फुई म्हणजे आबांची थोरली बहीण चमेलीबाई. ती पिंपळनेरला असायची. दिपमाला तिला आत्याच म्हणे. आत्याची नजर गेली होती, पण तोंडात गोष्टी होत्या. त्या आबा टाइप करत आणि दर रविवारी फोनवर तिला वाचून दाखवत. ती मध्येच 'अभिमन' म्हणून त्यांना अडवायची, शब्द बदलायला लावायची. मग दोघं सत्तरीतली भावंडं लहान मुलांसारखी भांडत. त्याही रविवारी दिपमाला शेजारी बसून पेपर तपासत होती. जळगावच्या शाळेत ती मराठी शिकवायची. तिच्याही हातात लाल पेन होतं.

त्याच रात्री आबा झोपेत गेले.

दहाव्याला आत्या भिंतीला टेकून बसली होती. दिपमाला जवळ गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "आते कोन वाची?"

दिपमालाने तिचा हात हातात घेतला. दर रविवारी वाचून दाखवणारा आता नव्हता.

लॅपटॉप ती जळगावात पिंप्राळ्याच्या आपल्या घरी घेऊन आली. सुरू केला की तो तापायचा आणि बंद पडायचा. तिच्याच शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी नाजमीन सुट्टीत मुद्दाम घरी आली. तिने आत्याच्या गोष्टी दिपमालाच्या नव्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि पहिली उघडली. वरपासून खालपर्यंत पान लाल रेघांनी भरलेलं होतं. एकही ओळ सुटली नव्हती.

दिपमाला बघत राहिली. तपासलेला पेपर असाच दिसतो.

"नवं मशीन आहे, मॅडम," नाजमीन हळूच म्हणाली. "याला तुमचे आबा भेटलेच नाहीत. त्यांनी शिकवलेलं सगळं त्या जुन्या सिस्टीममध्ये आहे."

"मग ती सिस्टीमच इथे आण."

"ती लॅपटॉपसोबत कंपनीतून आलेली. त्याच्याच अंगाशी बांधलेली असते." नाजमीनने लॅपटॉप उलटा करून पाहिला. "एक करता येईल. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा आणि ही सिस्टीम जशीच्या तशी उचलून त्यात वस्तीला ठेवायची. पण जुनी डिस्क शेवटाला आलीये. एकदा वाचून होईल. दुसऱ्यांदाचं मी सांगत नाही."

"आणि मध्येच बंद पडली तर?"

"तर आपल्याकडे ही लाल पानं उरतील."

बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. त्यांनी टेबलफॅन लॅपटॉपच्या तोंडाशी लावला आणि स्वतः घामात बसल्या. "तुम्ही देवाचं नाव घ्या, मी अल्लाचं घेते," नाजमीन म्हणाली. "पण माउसला कुणी हात लावायचा नाही!" दिपमालाला आबा गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं. चहा झाला, पुन्हा झाला. लॅपटॉपचा पंखा घरघरत राहिला. मग तो थांबला आणि पुन्हा सुरू झालाच नाही.

"गेला?"

"गेला. पण सगळं देऊन गेला."

नव्या पडद्यावर एक चौकट उघडली. तीत आबांचा पडदा आला, आबांच्या फाइली आल्या, त्यांनी लावल्या होत्या तशाच. कोपऱ्यात मात्र एक सूचना होती : ही प्रत अस्सल असल्याची खात्री पटत नाही.

"अंग बदललं ना, म्हणून ओळख मागते," नाजमीन म्हणाली. "परवान्याचं मी बघते. तुम्ही गोष्ट उघडा."

पान उघडलं. सगळं स्वच्छ. दिपमालाने खाली एक शब्द टाइप केला : आंडेर. धुळ्याकडे मुलीला आंडेर म्हणतात. शाळेत तिने हा शब्द कुणाच्याही वहीत ठेवला नसता. ती रेघेची वाट बघत होती. रेघ आली नाही.

तिने पिंपळनेरला फोन लावला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला. नेहमीसारखं 'आत्या, कशी आहेस' तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि पडद्यावरचं वाचायला लागली.

"एक गाव व्हतं. त्या गावमा एक डोकरी ऱ्हाये..."

जीभ अडखळत होती. उच्चार कुठे चुकत होते ते तिला कळत होतं, तरी ती थांबली नाही. पलीकडचा खोकला बंद झाला. या बोलीत हा आवाज आत्याने जन्मात ऐकला नव्हता.

"कोन बोली ऱ्हायनं वं?"

"मी शे, फुई," दिपमाला म्हणाली. "अभिमननी आंडेर."