जेवणाआधीची हाळी

"आज हाळी द्यायची नाही," खेम सिंग म्हणाला.

देसांच्या हातातली रोटी हातातच राहिली. तिने मान वर केली. नदीकाठच्या सरकांडात, त्या पुरुषभर उंच बोरूच्या गवतात, चौदा माणसं पंगतीला बसली होती, आणि तिच्यासमोर तिच्या बापाचा बारा वर्षांपासूनचा सोबती उभा होता. जथ्याचा नवा म्होरक्या, जथेदार.

"बापूंच्या तळावर हाळी दिल्याशिवाय कुणी घास घेतला नाही, चाचा."

"म्हणूनच बापू गेले. तो फाटका तेली हाळी ऐकून आला, पोट फुटेस्तोवर जेवला, आणि दुसऱ्या सकाळी शिपाई झोपडीच्या तोंडाशी. आणखी कसला पुरावा हवाय तुला?"

देसांने रोटी खाली ठेवली. ती हाळी तिचीच होती.

त्या दिवशी तिच्या बापाला, जथेदार टहल सिंगला, ताप होता. घशातून आवाज फुटत नव्हता. लंगर तयार झाला तेव्हा तो पडल्या पडल्या म्हणाला, "देसां, आज तू दे. न बोलावता खाल्लं तर ते चोरीचं होतं बघ." तिने सरकांडाच्या कडेला जाऊन चारी दिशांना हाळी दिली होती, "लंगर तयार आहे! कुणी भुकेला असेल तर या! वैरी असला तरी या!" एक वाळका तेली आला. जेवणाऱ्याला नाव विचारायची रीत नव्हती. त्याने पाच रोट्या खाल्ल्या. जाताना त्याच्या बायकोसाठी आणखी दोन तिनेच त्याच्या फडक्यात बांधून दिल्या. खेम सिंग तेव्हा हरवलेली घोडी शोधायला गेला होता. संध्याकाळी घोडी घेऊन परतला. आणि सकाळी, देसां पाण्याला गेलेली असताना, शिपाई आले आणि टहल सिंगला धरून लाहोरला घेऊन गेले. सरकांडाच्या त्या भूलभुलैयात आपली माणसंसुद्धा वाट चुकत. शिपाई कुठेच चुकले नाहीत.

लाहोरच्या घोडेबाजारात काय झालं ते दूध घालायला जाणाऱ्या गवळ्याने येऊन सांगितलं. केस काप, जीव वाचेल, असं काझी म्हणाला. टहल सिंग म्हणाला, "केस वेगळे, डोकं वेगळं, अशी दोन कामं कशाला? एकदाच काय ते उरका." मग मान उडवण्याआधीच्या रिवाजाप्रमाणे त्याला मूठभर भाजलेले चणे दिले. चणे ओंजळीत घेऊन तो उठला आणि बसक्या आवाजात त्याने हाळी दिली, कुणी भुकेला आहे का? बाजार खदाखदा हसला. एक आंधळा भिकारी तेवढा चाचपडत पुढे आला. सगळे चणे त्याच्या झोळीत गेले.

त्याला नऊ दिवस झाले होते. देसांने नऊ दिवस स्वतःच्या आवाजाचा तिरस्कार केला होता.

त्या नऊ दिवसांत एकच बरी गोष्ट घडली होती. खेम सिंगचा थोरला मुलगा, वर्षभर लाहोरच्या कैदेत असलेला, परवा सुटून आला होता. पहारेकऱ्याचा डोळा चुकवला म्हणे. वाहेगुरूची कृपा, असं सगळे म्हणाले. तो आता पंगतीत खाली मान घालून बसला होता.

देसां उठली.

"कुठे चाललीस?"

"बापूंनी लाहोरात दिली. मी इथे नको देऊ?"

"देसां! जथेदार म्हणून सांगतोय!"

तोवर ती कडेला पोचली होती. चारी दिशांना तिने हाळी दिली. शेवटच्या वेळी आवाज चिरकला.

बराच वेळ नुसतंच सरकांड सळसळत राहिलं. मग ते दुभंगलं, आणि तोच तेली बाहेर आला.

पंगत उठली. तलवारी निघाल्या. सगळ्यांत मागून खेम सिंग ओरडला, "त्याच्याशी बोलत बसू नका! आहे तिथेच कापा!"

देसां मध्ये आली. हातात चिमटा होता. तो त्याच्या डोळ्यात खुपसावा असंच तिला वाटत होतं. "हाळी माझी आहे," ती म्हणाली. "आधी जेवू दे. मग काय करायचं ते करा."

तेली गोंधळून मटकन खाली बसला. "तापातले बाबाजी दिसत नाहीत," तो म्हणाला. "बरे आहेत ना?"

तिने रोटी उचलली. "दोन्ही हात पुढे कर. रोटी ओंजळीत घेतात."

त्याने हात पुढे केले. ओंजळ होईना. बोटं भलतीकडेच वळलेली होती, तीन नखं नव्हतीच.

"घाटावरच्या शिपायांच्या चौकीत," तो शरमून म्हणाला. "फडक्यात तुझ्या रोट्या सापडल्या ना. कुठल्या, कुठल्या, करत राहिले. नाही सांगितलं मी, पोरी. खाल्लेल्या घराचं कसं सांगणार?"

देसांने रोटी त्याच्या मनगटांवर ठेवली. तिचा हात तिथेच राहिला.

तेल्याने नजर वर केली. तलवारींच्या मागे उभा असलेला खेम सिंग त्याला दिसला, आणि त्याचा चेहरा उजळला. मोडक्या हातांनी, रोटी सांभाळत, त्याने त्याला सलाम करायचा प्रयत्न केला.

"या सरदारजींना आधी वाढ, पोरी. यांच्यामुळे वाचलो मी. घोडी बाहेर बांधून हे चौकीत आले, आत जाऊन काहीतरी बोलले, आणि लगेच त्यांनी मला मारायचं थांबवलं."