ती काही बोलत नाही

"आई, हे वाक्य पुस्तकात नाहीये!"

आई उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती. तिने मान वर केली नाही. "कुठलं गं?"

"शेवटचं. 'जाताना दार नुसतं लोटून घ्या. कडी मी लावणार नाही.'"

लेकीने ते अगदी आईच्याच सुरात म्हटलं, 'नुसतं'वर जरासं थांबून. शाळेत असताना आईच्या प्रत्येक प्रयोगाला ती पहिल्या रांगेच्या कडेला बसायची. नाटकातला नवरा बॅग उचलून निघाला, आई दाराकडे बघत हे म्हणाली, की ही हमखास रडायची. आता एम.ए.चा निबंध याच नाटकावर. बाकीची अवतरणं तिने पुस्तकातून उतरवून घेतली, हे एवढं मात्र आठवणीवरूनच लिहिलं. घरचंच तर नाटक, त्यात काय बघायचं!

सरांनी समासात लाल शाईने विचारलं होतं: अंक? प्रवेश? पान? आणि त्याखाली, 'मला हे वाक्य सापडलं नाही. उद्या सकाळी संदर्भासह द्या, नाहीतर निबंध धरला जाणार नाही.' म्हणजे नापास. म्हणजे वर्ष गेलं.

"नीट बघ, असेल कुठेतरी," आई म्हणाली.

"अगं, पुन्हा पुन्हा बघितलं! तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश, शेवटचं पान. नवरा जातो. आणि खाली कंसात काय छापलंय, माहितेय? 'ती काही बोलत नाही. अंधार.' बस्स. संपलं नाटक!"

"हो का?" आईने अभ्रा उलटा केला.

"दुसऱ्या आवृत्तीत असेल का?"

"दुसरी कुठली? पहिलीच खपली नाही."

लेकीने निबंध पुन्हा उघडला. अख्खा निबंध त्या एका वाक्यावर उभा होता. बायको दार उघडं ठेवते, म्हणजे तिने माफ केलंय, म्हणजे तो परत येणार, लेखकाला माणसांबद्दल केवढी आशा, वगैरे वगैरे, पानंच्या पानं. आणि लेखकाने तर बाईला गप्प बसवलं होतं. मग ही आशा होती तरी कोणाची?

"मग बोललं कोण ते?"

"मीच की."

"तू म्हणजे तू, का नाटकातली ती?"

आईला प्रश्न कळला नाही. खरं तर विचारणारीलाही तो धड कळला नव्हता.

"अगं बाई माझे, ते लाइटसाठी होतं," आई म्हणाली. "गप्प बसण्यावर अंधार कसा करणार? लाइटवाल्याला एखादं वाक्य लागतं. ते ऐकलं की तो दिवे घालवतो. रंगीत तालमीला नुसता गोंधळ. नवऱ्याचा एक पाय अजून घरातच, आणि हा पठ्ठ्या करतो अंधार! आपटला बिचारा. पुढच्या वेळी तो गेला तरी अंधार होईना, मी आपली उभी पुतळ्यासारखी. शेवटी दिग्दर्शक ओरडले, बाई, काहीतरी बोला हो, काहीही बोला. पहिल्या प्रयोगाला मग मी बोलले. तोंडात आलं ते."

लेकीने निबंधाकडे बघितलं. लेखकाची करुणा म्हणून तिने जे काय रंगवलं होतं, ती लाइटवाल्याला केलेली खूण निघाली! हसावं की रडावं, तिला समजेना.

"आणि लेखक? ते काही बोलले नाहीत?"

"रुसून निघून गेले. पण टाळ्या पडल्या ना, मग कोण काढतंय?"

तिने पेन उचललं, परत ठेवलं. "प्रयोगाचाही संदर्भ देता येतो म्हणे. नटीचं नाव, तारीख. पण मग ते लेखकाच्या नावावर नाही खपवता येणार. सगळा शेवटच बदलावा लागेल." तिने सुस्कारा सोडला. "पहिला प्रयोग कधी झाला गं?"

आईने तारीख सांगितली. ती लिहिता लिहिता लेकीचा हात थांबला.

"म्हणजे बाबा घर सोडून गेले, तेव्हाच?"

"ते आदल्या आठवड्यात गेले."

लेकीने पेन खाली ठेवलं. आता नाटकाबद्दल विचारायचं की घराबद्दल, आणि त्यातलं कुठलं निबंधात घालायचं, तिला काही उमगेना. आई पुढचा अभ्रा झटकत होती.

"खोडून टाक ते," आई म्हणाली. "वेळ आहे अजून, शेवट नव्याने लिही. लेखकाचंच बरोबर आहे. तिने गप्प बसायला हवं होतं."

"पण तू तर वर्षानुवर्षं म्हणत राहिलीस! प्रत्येक प्रयोगाला! कोणाला म्हणत होतीस गं?"

आईने अभ्र्याची घडी घातली. ती नीट बसली नाही, तशी मोडून पुन्हा घातली.

"लाइटवाल्याला," ती म्हणाली. "तो तरी ऐकायचा."