उलट्या पावलांची हडळ

टोपी घातली की वाचकाच्या डोक्यातलं चित्र आवाजासकट थेट पडद्यावर उतरवणारं यंत्र आलं, तेव्हा कुठे हेमांगी टिळेकर आपल्या बारा पुस्तकांवर मालिका करू द्यायला तयार झाल्या. शहरातली भुतं पकडणाऱ्या डिटेक्टिव्हची ती पुस्तकं. अट एकच: पडद्यावरच्या हडळीला त्या स्वतः घाबरल्या, तरच करारावर सही.

दोनशे वाचकांच्या हडळी पाहून झाल्या. बहुतेक जणी नुकत्याच पार्लरमधून आल्यासारख्या दिसत होत्या.

शेवटचे वाचक पोंक्षे, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. जन्मांध, बाराही पुस्तकं त्यांनी ब्रेलमध्ये वाचलेली.

"काका, तुमचं काही दिसणार नाही हो," दिग्दर्शक अवघडून म्हणाला.

"मला तरी कुठे दिसतंय? लावा ती टोपी."

पडदा काळाच राहिला. स्पीकरमधून मात्र जिना वाजू लागला. बांगड्या पायरी पायरीने जवळ येत होत्या आणि पावलं, उलटी असल्यामुळे, लांब लांब जात होती. बारा पुस्तकांत उलटे पाय लिहूनही बाईंना हे कधी सुचलं नव्हतं. त्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि पेन मागितलं.

"पण बाई, पडदा असा काळा ठेवला तर लोकांना टीव्ही बिघडला वाटेल," दिग्दर्शक म्हणाला.

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "उठून बघायची छाती कुणाची आहे?"