फिरता चषक

“पोरीच्या तोंडासमोरून कॅमेरा काढा, डोमाजी,” जयवंताबाई म्हणाल्या.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. वर्ध्याच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलींची शंभर मीटरची शर्यत नुकतीच संपली होती. पहिली आलेली पोरगी चुन्याच्या रेषेपलीकडे धापा टाकत बसली होती आणि कारंजाचे फोटोवाले डोमाजी तिच्यासमोर उकिडवे बसून फोटोमागून फोटो काढत होते. तेव्हा रिळात छत्तीसच फोटो असत. एका पोरीवर कोणी सहा-सहा उडवत नसे.

पोरगी बाईंच्या शाळेची. बाई आष्टीकडे खेळ शिकवायच्या. फिरता चषक दोन वर्षं त्यांच्याच शाळेत होता; तिसऱ्यांदा जिंकला की कायमचा. मुख्याध्यापकांनी कपाटात जागासुद्धा करून ठेवली होती.

“एवढे फोटो काऊन?”

“हिले मी तीन वर्षं झाले पाहून राह्यलो,” डोमाजी नजर न काढता म्हणाले. “जुने फोटोही हायत मायाजवळ.”

ते पिशवी चाचपत उठले आणि पंचांच्या मांडवाकडे निघाले. बाईंनी टॉवेल पोरीच्या डोक्यावरून पार तोंडापर्यंत ओढला आणि त्यांची वाट अडवली.

“लाज नाई वाटत? लेकीबाळींचे फोटो पिशवीत घेऊन फिरता?” हे त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

कडुनिंबाखालच्या आया उठून आल्या. त्यांतल्या सुलोचनाबाईंनी पिशवी हिसकली. आतून दोन फोटो निघाले. दोन्हींत फीत तोडणारी हीच पोरगी.

“शी,” सुलोचनाबाई बाजूला थुंकल्या. “नातीच्या वयाची हाय ते तुह्या. घरी जपून ठेवतं मेलं.”

“अवो बाई, मागं नाव अन् वय लिहिलं हाय, ते तं वाचा...”

“हात नका लावू कोणी त्या घाणीले,” जयवंताबाई म्हणाल्या. त्यांनी फोटो घेतले आणि उलटून न पाहता टराटरा फाडले. मग कॅमेरा उघडून रीळ उन्हात ओढून काढलं.

वीस वर्षं दर स्पर्धेला येणारा तो माणूस सायकल हातात धरून फाटकाबाहेर गेला. पुन्हा कुठल्याच मैदानावर दिसला नाही.

भोंग्यावर मुख्य पंच प्रभाकररावांचा आवाज आला. “चौदा वर्षांखालील मुली, प्रथम क्रमांक, कुमारी आचल.”

पोरगी फाटकाकडे पाहत बसून राहिली.

“ऊठ, मोहिनी,” बाई तिच्या कानाशी म्हणाल्या. “औंदा तुहं नाव आचल हाय.”