झाडलेलं अंगण

फाटकाशी उभं राहून एझेल टॉलिव्हरने अंगण नीट पाहून घेतलं. लाल माती. गवताची काडी नाही. पायरीपासून फाटकापर्यंत एका पावलाची खूण नाही.

"म्हटलं होतं ना," तो पुटपुटला. "कुणी राहत नाही इथे."

पास्टरने त्याला मुद्दाम पाठवलं होतं. थर्मन ड्युप्री नावाचा एक म्हातारा वसंतात डेट्रॉइटहून इथे जॉर्जियात आला, स्पिव्हींच्या जुन्या घराचा पत्ता देऊन मतदार झाला, आणि आता कुणीतरी त्याच्या नावावर हरकत घेतली होती. सोमवारी सुनावणी. चर्चचा कारभार बघणारा डीकन उभा राहून 'हा इथलाच' म्हणाला तर नाव टिकेल, नाहीतर कटेल.

डीकन एझेलच होता, आणि त्याला तसं म्हणायचं नव्हतं. आजोबांच्या काळात इथली काळी माणसं गाठोडी बांधून उत्तरेला गेली. आता त्यांची नातवंडं परत येत होती, आणि ते मतमोजणीत दिसू लागलं होतं. गेल्या खेपेस आपला माणूस काउंटीच्या बोर्डाच्या निवडणुकीत थोडक्यात पडला. यंदा निवडून येईल असं दिसत होतं, म्हणूनच समोरच्या पक्षाचे लोक एकेक नाव उकरत होते. त्यात एक जरी खोटं निघालं, तर चर्चच्या गाडीतून मत द्यायला गेलेल्या सगळ्यांकडेच बोट जाईल.

तो फाटक ढकलून आत गेला. पायरीशी पोचतो तोच दार उघडलं. एक उंच, वाकलेला माणूस बाहेर आला. हातात खराटा.

"या डीकन. उशीर केलात."

"कुणाकडचे तुम्ही?" एझेलने उभ्याउभ्याच विचारलं. इथे कुणालाही पहिलं हेच विचारतात.

"माझी माणसं अलाबामाची. बायको इथली. स्पिव्हींची ओलेथा."

"ओलेथा तर एवढीशी होती, तेव्हाच गेली."

"आणि मार्चमध्ये परत आली. तुमच्या चर्चमागे आहे. जागा तुम्हीच दाखवलीत."

एझेलला आठवलं. उत्तरेहून शवपेट्या नेहमीच यायच्या. पेटीबरोबर आलेली माणसं दफन उरकून, चर्चच्या हॉलमध्ये जेवून परत जायची.

"तुम्ही परत गेला नाहीत."

"नाही."

"कुणी सांगितलं राहायला? पक्षवाल्यांनी?"

"ओलेथाने."

"मेल्यावर?"

"जिवंतपणीही तेच सांगायची. तेव्हा मला पगार सोडवत नव्हता."

एझेलला हसू आलं नाही. "राहता म्हणता, तर पावलं कुठायत तुमची? की डेट्रॉइटवाले उडत येतात?"

थर्मनने हातातल्या खराट्याकडे पाहिलं, मग एझेलकडे. "तुमच्या आईने कधी अंगण झाडलं नाही, डीकन?"

एझेलची आई झाडायची. दर शनिवारी, रानातल्या फांद्या बांधून केलेल्या अशाच खराट्याने. मग त्याने अंगणात हिरवळ लावली, गवत कापायचं यंत्र आणलं. आता सगळ्यांच्याच दारात हिरवळ होती.

"ओलेथा डेट्रॉइटलाही गॅरेजसमोरची माती झाडायची," थर्मन म्हणाला. "शेजारी हसायचे. तिचं म्हणणं, झाडलेल्या अंगणात साप येऊन गेला तरी कळतं आणि माणूस येऊन गेला तरी. फाटकापासून सुरुवात करायची, मागे मागे सरकत पायरीपर्यंत यायचं. आपलं स्वतःचं पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. आता मी झाडतो. रोज."

"रोज?"

"दुसरं काय काम आहे मला?"

तो पायरीवर बसला. एझेलला मात्र बसा म्हणाला नाही.

"हरकतीत काय म्हटलंय, ठाऊक आहे? 'अंगणात एकही पाऊल दिसत नाही.' अगदी याच शब्दांत. मला नवल वाटलं. गोरा माणूस बघायला आला, तर गवत वाढलंय का बघतो, टपालाची पेटी भरलीय का बघतो. मातीत पावलं शोधायला आपलंच माणूस लागतं."

एझेलला बियाण्यांचं दुकान आठवलं. मंगळवारी या फाटकावरून डोकावून गेल्यावर तो तिथे बोलला होता, मोठ्याने, चार माणसं हसावीत म्हणून. याच शब्दांत. गल्ल्यावरचा गोरा माणूस मान खाली घालून पोत्याचं तोंड बांधत होता.

"सोमवारपर्यंत झाडू नका," तो घाईने म्हणाला. "कुणी बघायला आलं तर दिसू देत पावलं."

"न झाडता झोप येत नाही मला."

"दोन दिवस, भाऊ. तिला चालेल."

"तिला नाही चालणार."

एझेल वळला आणि अंगणात चालू लागला. कुंपणापर्यंत गेला, परत आला, आडवा गेला. जड बुटांनी माती दाबत, जिथे खराट्याची रेघ स्वच्छ दिसली तिथे मुद्दाम पाय देत. थोड्या वेळाने थर्मनही उठला आणि दुसऱ्या बाजूने चालू लागला. दोघे म्हातारे अंगण तुडवत राहिले.

"सोमवारी मी उभा राहतो तुमच्यासाठी," एझेल धापा टाकत म्हणाला.

"बरं."

थर्मन थांबला होता. तो एझेलच्या मागे उमटलेल्या खुणांकडे बघत होता.

"डावी टाच आतून झिजलीय तुमची, डीकन."

"जुने बूट आहेत."

"जाताना फाटकाबाहेर बघा. मंगळवारपासून तेवढी एक खूण सोडून झाडतोय मी."