हिमानीच्या आधी

सकाळी सहाला पाच कमी असताना मोनाली धरमपेठेतल्या अभ्यासिकेत पोचली, तर शेजारच्या खुर्चीत हिमानी आधीच बसलेली.

हिमानी इथं यायला लागून चार महिने झाले होते, आणि चारही महिने मोनाली आतून जळत होती. ही मुलगी तासन्‌तास मान वर करत नसे. दहा मिनिटं चहा, की पुन्हा पुस्तक. घाई नाही, जांभई नाही. मोनालीचे मात्र भरती परीक्षेचे दोन प्रयत्न मोबाइलमध्ये आणि मैत्रिणींच्या गप्पांत वाहून गेले होते.

आता तिनं आल्याआल्या मोबाइल नत्थूजींकडे द्यायला सुरुवात केली. अभ्यासिका तेच चालवत. नंदनवनच्या घरून निघायची वेळ अर्धा तास अलीकडे आणली. हिमानी उठल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून टाकलं.

"जेवाले तरी टायमावर येत जाय वं," आई, शोभाताई, म्हणाली.

"ते उठल्याशिवाय मी उठत नसते."

"कोण ते?"

"हाय एक."

आई पोळी लाटत राहिली.

परीक्षेच्या दोन दिवस आधी हिमानी आली नाही. नत्थूजींनी मोनालीला बोलावलं.

"पेपरचा टाइम बदलला. दुपारी दोनचा आता सकाळी नऊले हाय. हिमानीचा फोन लागून नाही राहिला. तू सांगून दे तिले."

"सांगते."

घरी जाताना तिनं नंबर दोनदा काढला. दोन्ही वेळा फोन पर्समध्ये परत गेला.

पेपर सोपा गेला. निकालाच्या यादीत मोनालीचं नाव वरून सातवं होतं. मग तिनं हिमानीचं नाव शोधलं. तीनदा यादी खालपर्यंत पाहिली. नव्हतं.

वडिलांनी हिंगण्याच्या कंपनीत अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. घरी आणलेल्या पेढ्यांना मोनालीनं हात लावला नाही. चौथ्या दिवशी नत्थूजींकडून पत्ता घेऊन ती हिमानीच्या दारात उभी राहिली आणि आत पाऊल न टाकताच बोलली.

"पेपरचा टाइम बदलला, ते तुले सांगाले मले सांगतलं होतं. मी मुद्दाम नाही सांगतलं. तू मले पाहवत नव्हती."

हिमानी हलकेच म्हणाली, "मी फॉर्मच कुठं भरला होता वं? मी मागच्याच भरतीत लागली. नोकरीची ऑर्डर यायची होती, तवर घरी रिकामीच होती."

"मंग रोज सकाळी काहून येत होती?"

"माह्या आईची शाळेतली मैत्रीण हाय, तिनं गळ घातली. म्हणे, माही मोनाली समजावून ऐकत नाही, तू फक्त तिच्या बाजूले जाऊन बस. कोणी पुढं गेलेलं तिले पाहवत नाही."